चार्जशीट वाचली कोणी?

सकाळचे पावणेअकरा. तालुक्याच्या कोर्टाचा व्हरांडा माणसांनी भरलेला. सरकारी वकील मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या, एका हातात फायलींचा गठ्ठा, दुसऱ्या हातात पेन. त्यांच्याभोवती घोळका करून उभे असलेले साक्षीदार मी मोजले. अकरा होते, मी बारावा. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी फाईल उघडली, पंचनाम्यावरची सही दाखवली आणि विचारलं, "ही तुमचीच ना? आरोपीनं मोटार काढून दिली तेव्हा शेडवर हजर होतात ना?"

मी म्हणालो, "सही माझी आहे, मॅडम. शेडवर मी कधी गेलोच नाही. मला ठाण्यात बोलावलं होतं. मोटार तिथं टेबलाखाली ठेवलेली होती."

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाल्या, "हे मला सहा वर्षांपूर्वी कळायला हवं होतं हो."

गुन्हा होता विहिरीवरची पाणबुडी मोटार चोरल्याचा. फिर्यादी शेतकरी, आरोपी भंगार गोळा करून पोट भरणारा. सहा वर्षं तो दर तारखेला यायचा, भिंतीशी उकिडवा बसायचा आणि पुढची तारीख घेऊन जायचा. प्रत्येक तारीख म्हणजे एका दिवसाची कमाई बुडाली. शेतकऱ्यानं केव्हाच उसनवारी करून दुसरी मोटार बसवली होती. मी पिंजऱ्यात उभा राहून खरं ते सांगितलं. जागेवर न जाता पंचनाम्यावर सही केली ही माझी चूक, तीही सांगितली. मॅडमना कोर्टाची परवानगी घेऊन मला फितूर ठरवावं लागलं आणि माझीच उलटतपासणी घ्यावी लागली. पुढच्याच महिन्यात आरोपी निर्दोष सुटला. त्यानं मोटार चोरली होती की नव्हती, हे मला आजही ठाऊक नाही. कोर्टालाही कळलं नाही. शेतकऱ्याला तर नाहीच नाही.

तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. ही केस कोर्टात न्यायची, हे ठरवलं कोणी?

मॅडमनी नाही. आपल्याकडे बहुतेकांची समजूत अशी की सरकारी वकील कागद बघतात, पुरावा तोलतात, दम असेल तर खटला भरतात आणि नसेल तर पोलिसांना परत पाठवतात. आपल्या कायद्यात असं कुठेही नाही. तपास पूर्ण झाला की ठाण्याचा प्रभारी अधिकारी स्वतःचं मत बनवतो आणि कोर्टाला अहवाल देतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १७३ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १९३ आहे. पुरावा पुरेसा वाटला तर दोषारोपपत्र, म्हणजे चार्जशीट. नाही वाटला तर समरी. महाराष्ट्रात तिची तीन अक्षरं आहेत. गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही किंवा पुरावा नाही, तर 'अ' समरी. फिर्यादच खोटी आणि खोडसाळ, तर 'ब' समरी. गैरसमजातून दिलेली, किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची, तर 'क' समरी. कुणाचं आयुष्य कोर्टाच्या पायऱ्यांवर जाणार आणि कुणाची फिर्याद फडताळात जाणार, हे या कागदावर ठरतं. त्या कागदावर सरकारी वकिलाची सही लागत नाही.

मॅजिस्ट्रेटनं तो अहवाल तपासायचा असतो, हे खरं. पोलिसांचं मत त्यांच्यावर बंधनकारक नाही. समरी नाकारून ते स्वतः गुन्ह्याची दखल घेऊ शकतात, पुढचा तपास करायला सांगू शकतात. पण 'चार्जशीट दाखल करा' असा हुकूम ते पोलिसांना देऊ शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्येच अभिनंदन झा खटल्यात सांगून ठेवलं आहे. मत पोलिसांचं, त्यांनीच बनवायचं.

आणि सरकारी वकील? त्यांच्याबद्दलचा निकाल आला २००० साली, आर. सरला विरुद्ध टी. एस. वेलू. लग्नाला वर्षही न झालेल्या एका तरुणीच्या मृत्यूचं प्रकरण होतं. मुलीच्या वडिलांना पोलिसांची चार्जशीट अपुरी वाटली. मद्रास उच्च न्यायालयानं सांगितलं की कागद सरकारी वकिलांपुढे ठेवा, त्यांचं मत घ्या आणि त्याप्रमाणे सुधारित चार्जशीट दाखल करा. सर्वोच्च न्यायालयानं हा आदेश रद्द केला. सरकारी वकिलाचं काम कोर्टात खटला चालवणं. तपासात, किंवा तपासाअंती मत बनवण्यात त्याला स्थान नाही. तपास अधिकाऱ्याला वाटलं तर त्यानं खुशाल सल्ला घ्यावा, पण तशी सक्ती त्याच्यावर करता येणार नाही.

कायदा जसा आहे तसा वाचला तर निकाल बरोबर असेल. मग कायदाच चुकला आहे. ज्या माणसाला तो पुरावा कोर्टात उभा करायचा आहे, ज्याला कोणता पंच टिकेल आणि कोणती जप्ती पहिल्याच प्रश्नाला कोसळेल हे वर्षानुवर्षांच्या कामातून माहीत आहे, त्यालाच आपण निर्णयाच्या वेळी दाराबाहेर उभं करतो आणि भिंत कलल्यावर टेकू लावायला आत बोलावतो.

हे दार का बंद झालं, त्याला इतिहास आहे आणि त्यात महाराष्ट्राचं नाव आहे. पूर्वी खालच्या कोर्टांत पोलीस प्रॉसिक्युटर असायचे, पोलीस खात्याच्या हाताखाली. १९७३ च्या संहितेनं सहायक सरकारी अभियोक्ता हे पद वेगळं केलं आणि पोलीस अधिकाऱ्याला तिथं नेमायला मनाई केली. आपल्या राज्यानं पद दिलं, पण माणसं पोलीस खात्याच्याच अमलाखाली ठेवली. त्यावर महाराष्ट्रातले अभियोक्तेच सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९५ मध्ये, एस. बी. शहाणे खटल्यात, न्यायालयानं राज्याला बजावलं की यांना पोलिसांच्या अमलातून सोडवा आणि यांचं वेगळं खातं करा. लढाई योग्य होती आणि त्या लोकांचे उपकार मानले पाहिजेत. पोलिसांचा हुकूम मानणारा वकील काय कामाचा? पण पोलिसांच्या हाताखालून सोडवल्यावर त्याला पोलिसांचे कागद तपासण्याचा अधिकारही द्यायला हवा होता. तो दिला नाही. सोडवलं आणि बाजूला बसवलं.

याचा परिणाम पाहायचा तर चार्जशीट कधी येते ते पाहा. आरोपी कोठडीत असेल तर दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकीच्यांत ६० दिवस. त्या मुदतीत चार्जशीट आली नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. मुदत हवीच, तिच्याविरुद्ध माझं एक अक्षर नाही. पण ती अशी पाळली जाते की एकोणनव्वदाव्या दिवशी संध्याकाळी ठाण्यातला माणूस मोटारसायकलच्या टाकीवर गठ्ठा ठेवून कोर्टाकडे धावतो. सी.ए. रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, आलेला नसतो. त्याच्या जागी ओळ असते, 'अहवाल प्राप्त होताच सादर करण्याची तजवीज ठेवली आहे.' जबाब एकमेकांवरून उतरवून काढलेले असतात, स्वल्पविरामासकट. मोबाईलचं लोकेशन मागवायचं राहिलेलं असतं. तपासी अंमलदाराला दोष देणं सोपं आहे, पण त्याच्याकडे त्याच महिन्यात बंदोबस्त असतो, मंत्र्यांचा दौरा असतो, आणखी चार गुन्हे असतात. तो मुदत पाळतो. गठ्ठा कोर्टात टिकेल का, हे विचारण्याचं काम कोणाचंच नसतं.

आणि न टिकणाऱ्या गठ्ठ्यांची किंमत माणसं मोजतात. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांतल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते. म्हणजे ज्यांचा निकाल लागलेला नाही अशी माणसं, चार लाखांच्या वर. त्यातले कितीजण दोषी असतील ते कोर्ट ठरवेल. पण त्यांच्यातल्या प्रत्येकाची फाईल कायदा जाणणाऱ्या एका स्वतंत्र माणसानं आधी वाचून 'हे टिकेल' असं म्हटलं आहे का? कायद्यानं तरी तसं बंधन घातलेलं नाही.

दुसऱ्या बाजूची किंमत याहून भयानक आहे. २००३ मध्ये अहमदाबादेत सहा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार करून तिला मारण्यात आलं. खालच्या कोर्टानं आरोपीला फाशीची शिक्षा दिली, उच्च न्यायालयानं सोडलं, आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती सुटका कायम करावी लागली. किशनभाई खटला म्हणून तो ओळखला जातो. न्यायमूर्तींनी तपासातल्या आणि खटला चालवण्यातल्या चुका एकामागून एक मांडल्या. जे साक्षीदार आणायला हवे होते ते आणलेच नाहीत, ज्या शास्त्रीय चाचण्या करायला हव्या होत्या त्या केल्याच नाहीत. त्या निकालात सर्व राज्यांना सांगितलं आहे की तपास संपल्यावर खटला चालवणाऱ्या यंत्रणेनं स्वतंत्र बुद्धीनं कागद बघावेत, उणिवा भरून घ्याव्यात, गरज पडली तर पुढचा तपास करायला लावावा. शिवाय प्रत्येक सुटकेची चिकित्सा व्हावी आणि चुकलेल्या अधिकाऱ्याची जबाबदारी ठरावी.

म्हणजे २००० साली सांगितलं की सरकारी वकिलाला तिथं जागा नाही, आणि २०१४ साली त्याच न्यायालयानं सांगितलं की त्यानं कागद बघितलेच पाहिजेत. मधल्या चौदा वर्षांत देशाला काय शिकावं लागलं, ते त्या मुलीच्या फायलीत आहे. यानंतर कायदा सरळ बदलायला हवा होता.

बदललाही, २०२३ मध्ये. नव्या संहितेचं कलम २० अभियोग संचालनालयाबद्दल आहे, ते मी तीनदा वाचलं. दहा वर्षं, जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यांवर संचालक देखरेख ठेवतील, काम वेगानं पुढे नेतील, अपिलाबाबत मत देतील. सात ते दहा वर्षांच्या गुन्ह्यांत उपसंचालक पोलिसांच्या अहवालाची तपासणी आणि छाननी करतील. सात वर्षांखालच्या गुन्ह्यांवर सहायक संचालक देखरेख ठेवतील. पोलिसांच्या अहवालाची छाननी हे शब्द फक्त मधल्या गटात आले आहेत. खुनाच्या चार्जशीटला ते लागू नाहीत. माझ्या मोटारचोरीलाही नाहीत. आणि मधल्या गटातही छाननीचा हेतू दिला आहे तो खटले लवकर निकालात निघावेत असा. खटला भरावा की नाही, हा प्रश्न त्या कलमात नाही. छाननीत निघालेली चूक तपास अधिकाऱ्यानं दुरुस्त केलीच पाहिजे, असंही त्यात लिहिलेलं नाही.

काही ठाण्यांत चांगले अधिकारी चार्जशीट पाठवण्याआधी सरकारी वकिलांना दाखवतात. 'मॅडम, एकदा नजर घाला' म्हणून दुपारच्या सुट्टीत फाईल घेऊन येतात. अशा अधिकाऱ्यांच्या केसेस उभ्या राहतात. पण फिर्यादीला न्याय मिळणं एखाद्या फौजदाराच्या स्वभावावर अवलंबून असू नये.

इतर देशांत हे कसं चालतं? इंग्लंडचं बघू, आपला कायदा त्याच वळणाचा आहे. तिथंही पोलीसच खटले भरायचे. १९८५ च्या कायद्यानं वेगळी सरकारी वकिलांची संस्था निघाली, क्राउन प्रॉसिक्युशन सर्व्हिस, आणि १९८६ पासून ती कामाला लागली. पुढे २००३ च्या कायद्यानं गंभीर गुन्ह्यांत आरोप ठेवायचा की नाही हे ठरवण्याचं कामही पोलिसांकडून काढून तिच्याकडे दिलं. वकिलानं दोन प्रश्न विचारायचे. हा पुरावा पाहता शिक्षा होण्याची वाजवी शक्यता आहे का? असेल, तर खटला भरणं लोकहिताचं आहे का? पहिल्याचं उत्तर 'नाही' आलं तर गुन्हा कितीही गाजलेला असो, खटला भरायचा नाही. आणि पहिल्याचं उत्तर 'हो' असलं तरी दुसरा प्रश्न टाळायचा नाही. भुकेपोटी पाव उचललेला म्हातारा आणि टोळी चालवणारा दरोडेखोर यांच्यातला फरक त्या दुसऱ्या प्रश्नात आहे. वकिलानं 'खटला नाही' असं ठरवलं तर पीडित माणूस २०१३ पासून त्या निर्णयाचा फेरविचार मागू शकतो.

त्याच देशात, हे गाळणं नसेल तर काय होतं तेही दिसलं. तिथल्या पोस्ट ऑफिसला स्वतः खटले भरता येत असत. होरायझन नावाच्या संगणक प्रणालीनं हिशेबात खोटी तूट दाखवली आणि गावोगावच्या पोस्टमास्तरांना चोर ठरवण्यात आलं. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जणांना शिक्षा झाल्या. त्यातल्या सुमारे ७०० खटल्यांत फिर्यादी पोस्ट ऑफिस, तपास करणारं पोस्ट ऑफिस आणि वकील उभा करणारंही पोस्ट ऑफिस. मध्ये कोणी तिऱ्हाईत नव्हता. लोक तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला, आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा पुसाव्या लागल्या. तपास करणाऱ्यानंच 'माझा तपास पुरेसा आहे' असं ठरवायचं, ही पद्धत जिथं असेल तिथं हे घडेल.

यावर मला एक वकील मित्र नेहमी अडवतो. "सरकारी वकिलाला हा अधिकार दिलास तर तो कोणाचा माणूस असेल? फौजदाराला बदलीची भीती, याला नेमणुकीची." त्याचा मुद्दा खोटा नाही. खालच्या कोर्टांतले सहायक सरकारी अभियोक्ते लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन येतात, त्यांची नोकरी कायम असते. पण त्यांचं संचालनालय गृह विभागाखाली येतं आणि पोलीसही त्याच विभागाखाली. सत्र न्यायालयांतले जिल्हा सरकारी वकील विधि व न्याय विभाग नेमतो, ठरावीक वर्षांसाठी, आणि सरकार बदललं की नेमणुकांची यादी बदलते हे प्रत्येक जिल्ह्याच्या बार रूमला माहीत आहे. उत्तर प्रदेशात १९९० साली एका परिपत्रकानं राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांच्या सरकारी वकिलांना एकाच तारखेपासून काढून टाकलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते मनमानी म्हणून रद्द केलं, म्हणून निभावलं.

तपास यंत्रणा आणि वकील यांच्यातली ओढाताण किती टोकाला जाते, ते मुंबईनं पाहिलं आहे. २००८ च्या मालेगाव स्फोट खटल्यातल्या विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी जून २०१५ मध्ये उघड सांगितलं की आरोपींबाबत सौम्य धोरण घ्या असा निरोप राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या (एनआयए) अधिकाऱ्यानं आपल्याला दिला. एनआयएनं ते नाकारलं. पुढे यंत्रणेनं २०१६ मध्ये पूरक चार्जशीट आणून काही आरोपींविरुद्ध पुरावा नसल्याचं म्हटलं, त्यातल्या काहींवर कोर्टानं तरीही खटला चालवला, आणि ३१ जुलै २०२५ रोजी सातही आरोपी निर्दोष सुटले. स्फोटात सहा माणसं गेली होती. आरोपींबद्दल माझं काही म्हणणं नाही, तो निकाल कोर्टाचा. माझं म्हणणं एवढंच की ज्या निर्णयावर सतरा वर्षं आणि सहा कुटुंबांचा शोक अवलंबून होता, तो निर्णय कोणी, कोणत्या कारणांनी, कधी बदलला, हे एका सहीनिशी एका कागदावर मिळायला हवं होतं.

म्हणून मित्राला माझं उत्तर असं. अधिकार आणि स्वातंत्र्य एकत्रच द्यावं लागेल. एकावाचून दुसरं धोक्याचं आहे. आणि स्वातंत्र्य नसताना काय होतं, याचा पुरावा आजच समोर आहे, कारण एक मोठा अधिकार कायद्यानं सरकारी वकिलाला दिलेलाच आहे: खटला मागे घेण्याचा.

जुनं कलम ३२१, आताचं ३६०. निकाल लागण्याआधी कधीही, कोर्टाच्या संमतीनं, खटल्याचा प्रभारी सरकारी वकील खटला मागे घेऊ शकतो. केंद्राशी संबंधित काही गुन्ह्यांत केंद्राची परवानगी लागते, तेवढा अपवाद सोडला तर त्या कलमात निर्णय घेणारा एकच माणूस आहे, आणि तो वकील आहे. मंत्र्याचं नाव नाही. कलेक्टरचं नाही. १९७७ मध्ये बलवंत सिंग खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी बजावलं की ही जबाबदारी वकिलाची स्वतःची आहे, ती त्यानं वरच्यांच्या पायाशी ठेवायची नाही.

आणि प्रत्यक्षात? केरळ विधानसभेत १३ मार्च २०१५ रोजी अर्थसंकल्प मांडला जात असताना विरोधी आमदार अध्यक्षांच्या व्यासपीठावर चढले, खुर्ची फेकली, संगणक फोडले. नुकसान २,२०,०९३ रुपयांचं. पुढे त्यांचीच आघाडी सत्तेत आली आणि सरकारी वकिलांचा अर्ज आला की खटला मागे घेतो. मॅजिस्ट्रेटनं नाकारला, उच्च न्यायालयानं नाकारला, २८ जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही नाकारला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, १० ऑगस्टला, त्याच न्यायालयानं आदेश दिला की आजी-माजी आमदार-खासदारांवरचा कोणताही खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाही. मुजफ्फरनगर दंग्यांतले ७७ खटले उत्तर प्रदेश सरकारनं कारण न देता मागे घेतल्याचं न्यायमित्रांनी नंतर त्याच महिन्यात कोर्टापुढे ठेवलं. त्या आदेशाचा सरळ अर्थ असा की वकिलाच्या सहीवर न्यायालयाचा विश्वास उरला नाही.

महाराष्ट्रात यासाठी शासन निर्णय निघतात. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले, अमुक तारखेपर्यंतचे, जीवितहानी न झालेले, पाच लाखांच्या वर नुकसान नसलेले खटले मागे घ्यावेत. समिती बसते, याद्या होतात, यादी सरकारी वकिलांकडे येते. दूध दरासाठी रस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्यानं दहा-दहा वर्षं तारखा का कराव्यात? ते खटले मागे घेतले जावेत, मी स्वतः तसं म्हणेन. पण त्याच यादीत एसटीची काच फोडताना ड्रायव्हरचा डोळा गेला असेल तर? जीवितहानी नाही, नुकसान पाच लाखांच्या आत. तो ड्रायव्हर यादीतल्या कोणत्या रकान्यात बसतो? यादी हे वाचू शकत नाही. फाईल वाचणारा माणूसच हे वाचू शकतो, आणि त्याला 'हा खटला मी मागे घेणार नाही' असं लिहून परत पाठवता आलं पाहिजे. असं लिहून तो पुढल्या वर्षी पदावर राहिला पाहिजे.

आज आत येण्याच्या दाराशी सरकारी वकील नाही आणि बाहेर जाण्याच्या दाराशी त्याचा हात दुसऱ्यानं धरलेला आहे. ही उलटी व्यवस्था सरळ करायला घटनादुरुस्ती लागत नाही. प्रत्येक चार्जशीटवर, मोटारचोरीच्यासुद्धा, 'मी वाचली, पुरावा पुरेसा आहे' किंवा 'नाही, या या कारणांसाठी' एवढ्या शेऱ्याची सरकारी वकिलाची सही बंधनकारक करा. त्याचं संचालनालय गृह विभागातून काढा. नेमणूक आणि मुदतवाढ उच्च न्यायालयाच्या मताशिवाय होऊ देऊ नका. आणि त्याला कागद वाचायला वेळ मिळेल एवढी माणसं भरा. व्हरांड्यात अकरा साक्षीदारांच्या घोळक्यात उभं राहून कोणीही नीट वाचू शकत नाही.

दर मोठ्या गुन्ह्यानंतर गावात मोर्चा निघतो आणि निवेदनात मागणी असते, 'विशेष सरकारी वकील नेमा.' कोपर्डीच्या बलात्कार आणि खून प्रकरणात ती झाली, तशीच सगळीकडे होते. मी त्या मोर्चांत गेलो आहे, त्या निवेदनांवर सह्या केल्या आहेत. आता मला वाटतं की आपण मागणी वाढवली पाहिजे. बाकीच्या हजारो केसेसना नेहमीचाच सरकारी वकील मिळणार आहे. त्याला चांगलं, स्वतंत्र आणि वेळेवर वाचणारं बनवणं, हे मागितलं पाहिजे.

तोवर तुमच्या हातात जे आहे ते सोडू नका. तुम्ही फिर्यादी किंवा पीडित असाल तर तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत तुम्हाला कळवलं पाहिजे, नव्या संहितेच्या कलम १९३ मध्ये ते लिहिलेलं आहे. कळवलं नाही तर लेखी विचारा आणि पोच घ्या. पोलीस समरी पाठवत असतील आणि तुम्ही फिर्यादी असाल तर कोर्टाची नोटीस तुम्हाला येते, १९८५ च्या भगवंत सिंग निकालापासून तो तुमचा हक्क आहे. ती नोटीस कपाटात ठेवू नका, तारखेला जाऊन तुमचा विरोध लेखी द्या. आणि ज्यात तुम्ही पीडित आहात तो खटला सरकार मागे घेत असेल, तर कलम ३६० प्रमाणे तुमचं ऐकून घेतल्याशिवाय कोर्टाला परवानगी देता येत नाही. त्या दिवशी कोर्टात हजर राहा. आणि कोणी पंचनाम्यावर सही करायला बोलावलं, तर आधी जागेवर चला म्हणावं.